ब्लँकमधून वजा केलेलं विज्ञान

प्रयोगात ब्लँक रनलाच सिग्नल आला, तर तुम्ही काय करता? बहुतेक जण तो आकडा वजा करतात आणि पुढे जातात. मीही केलंय. आज अशाच एका वजा केलेल्या आकड्याची गोष्ट.

धुरक्याचा अभ्यास करायला स्मॉग चेंबर वापरतात. बंद कोठीत हवा आणि प्रदूषक भरायचे, दिवे लावायचे आणि काय बनतं ते मोजायचं. अडचण अशी, की माहीत असलेल्या अभिक्रियांवरून काढलेल्या हिशेबापेक्षा चेंबरमध्ये हायड्रॉक्सिल रॅडिकल जास्त निघायचे. 1982 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला कार्टर आणि सहकाऱ्यांनी हे नीट तपासलं. हा जादा स्रोत चेंबरनुसार बदलत होता. म्हणजे संशय भिंतीवर! मग मॉडेलमध्ये त्यासाठी एक दुरुस्ती घालायची पद्धत पडली.

1987 मध्ये जपानच्या अकिमोतो यांच्या गटाने दाखवलं, की चेंबरच्या पृष्ठभागावर नायट्रोजन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांच्यापासून नायट्रस ॲसिड बनतं, आणि प्रकाश पडला की ते बनण्याचा वेग वाढतो. हे ॲसिड प्रकाशातच फुटतं आणि हायड्रॉक्सिल देतं.

आता चेंबरच्या बाहेर या. खुल्या हवेत नायट्रस ॲसिड पर्नर आणि प्लाट यांनी 1979 मध्येच ओळखलं होतं. समज असा, की ते रात्री साठतं आणि सकाळी उन्हात संपतं. भर दुपारी ते जेमतेम पाव तास टिकतं. तरी नंतरच्या मोजमापांत दुपारी ते अपेक्षेपेक्षा जास्त सापडू लागलं. मग ते येतं कुठून?

2006 मध्ये श्टेमलर आणि सहकाऱ्यांनी ह्युमिक ॲसिडच्या थरावरून नायट्रोजन डायऑक्साइड सोडला आणि प्रकाश टाकला. नायट्रस ॲसिड मिळालं. ह्युमिक ॲसिड म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत येणारा पदार्थ. 2007 मध्ये त्यांनी हीच अभिक्रिया हवेतल्या बारीक कणांवर पाहिली. ती तिथेही होते, पण कणांचं एकूण क्षेत्रफळ कमी पडतं. जमिनीचा वाटा मोठा.

थोडक्यात, वातावरणालाही एक भिंत आहे आणि आपण तिच्यावरच उभे आहोत. चेंबरच्या भिंतीचा त्रास म्हणून जे बाजूला काढलं, त्याच प्रकारचं रसायन उन्हातल्या मातीवरही चालतं.

म्हणून ब्लँक जरूर वजा करा. फक्त त्याआधी तो दिवा बंद ठेवून एकदा आणि लावून एकदा घ्या, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. फरक दिसला, तर गाईडकडे जाताना ती वही सोबत न्या.