दिनविशेष : १३ मार्च – ‘क्रीप’नंतरचं काय?
‘क्रीप’ या एकाच गाण्याने जगभर पोचलेल्या ऑक्सफर्डशायरच्या रेडिओहेड या बँडचा दुसरा अल्बम ‘द बेंड्स’ १९९५ साली आजच्या दिवशी ब्रिटनमध्ये आला.

रेकॉर्ड कंपनीला दुसरं ‘क्रीप’ हवं होतं, तेही झटपट. १९९४च्या सुरुवातीला लंडनच्या रॅक स्टुडिओत निर्माते जॉन लेकी यांच्यासोबत बसलेला बँड या दडपणाखाली अडला. दौऱ्यावर गाणी लोकांसमोर वाजवून झाल्यावरच गाडी रुळावर आली. ‘माय आयर्न लंग’चं वादन तर थेट लंडनच्या अस्टोरियातल्या मैफलीतलं, गायक थॉम यॉर्कने गायन तेवढं नव्याने केलं. गंमत म्हणजे ‘क्रीप’चा वैताग याच गाण्यात उतरलाय!

लेकी एका लग्नाला गेले असताना ‘ब्लॅक स्टार’ हे गाणं तरुण ध्वनितंत्रज्ञ नायजेल गॉडरिचने सांभाळलं. पुढच्या ‘ओके कम्प्युटर’ या अल्बमवर निर्माता म्हणून त्याचंच नाव आहे.