इडैयनगुडीचे चर्च : एका ग्रामवास्तूची ३३ वर्षे

दक्षिण भारतातील अँग्लिकन ग्रामचर्चे ही परकीय सत्तेची प्रतीके होत, असे म्हणून इतिहासाचे अभ्यासक बहुधा पुढे जातात. हे विधान सर्वस्वी असत्य नव्हे. परंतु ते अपुरे आहे. तिरुनेलवेली जिल्ह्यातील इडैयनगुडी येथील होली ट्रिनिटी चर्चचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. त्याच्या बांधकामास १८४७ मध्ये आरंभ झाला आणि समर्पणविधी ६ जुलै १८८० रोजी पार पडला. या ३३ वर्षांत मिशनरी व मंडळी यांच्या संबंधात जे घडले, त्यातच या वास्तूचा अर्थ शोधावयास हवा.

या प्रदेशातील ख्रिस्ती मंडळीचा आरंभ इंग्रजी अंमलाच्याही पूर्वीचा आहे. तंजावरच्या राज्यातून आलेल्या एका मराठी ब्राह्मण विधवेने १७७८ मध्ये श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडून बाप्तिस्मा घेतला. क्लोरिंडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रीच्या पुढाकाराने पाळयंकोट्टै येथे उभे राहिलेले चर्च १७८५ मधील होय. कर्नाटकच्या नवाबाकडून कंपनीने या मुलखाचा कारभार घेतला तो १८०१ मध्ये. तेव्हा चर्च हे सत्तेच्या पाठोपाठच आले, असे येथे सरसकट म्हणता येत नाही.

रॉबर्ट कॉल्डवेल हे १८३८ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीतर्फे मद्रासला आले. १८४१ मध्ये सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल या अँग्लिकन संस्थेत प्रविष्ट होऊन ते इडैयनगुडीस राहावयास गेले. तांबड्या वाळूचा हा रुक्ष प्रदेश असून ताडावर चढून रस काढणे व त्याचा गूळ करणे हा तेथील शाणार लोकांचा मुख्य व्यवसाय होता. कॉल्डवेल यांची मंडळी प्रामुख्याने याच लोकांची होती.

चर्चचे काम सुरू असतानाच, १८४९ मध्ये, कॉल्डवेल यांनी शाणारांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. हे लोक सिलोनमधून आलेले, भूतपूजक व बुद्धीने मंद आहेत, असे चित्र त्यात रेखाटले होते. द्रविड भाषांच्या तौलनिक व्याकरणाचा त्यांचा विख्यात ग्रंथ १८५६ चा. एकाच लेखणीने भाषेला प्रतिष्ठा दिली आणि ती बोलणाऱ्या एका समाजाला कमी लेखले, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

त्या समाजाने ती नजरेआड केलीही नाही. नाझरेथ येथील मिशनशी बिनसल्यावर सट्टांपिळ्ळै या शाणार धर्मशिक्षकाने १८५७ मध्ये स्वतंत्र हिंदू ख्रिस्ती मंडळी स्थापिली. तिने युरोपीय धर्मगुरूंचे वर्चस्व झुगारले व शनिवार हा उपासनेचा वार मानला. ख्रिस्ताचा स्वीकार करावा, परंतु मिशनऱ्याने केलेले आपले वर्णन स्वीकारू नये, हाच या फुटीचा आशय होय. कॉल्डवेल यांच्या पुस्तकाविरुद्धचा रोषही पुढे अनेक वर्षे टिकून राहिला. शाणार हे नाव टाकून नाडार हे नाव सरकारदरबारी मान्य करून घेण्यात या समाजाला १९२१ मध्ये यश आले.

तथापि बहुसंख्य लोक मूळ मंडळीतच राहिले. १८७६-७८ च्या दुष्काळात तर हजारो नवे लोक तिच्यात आले. कॉल्डवेल १८७७ मध्ये बिशप झाले आणि तीन वर्षांनी गॉथिक धर्तीचे हे चर्च पूर्ण झाले. १८९१ मध्ये कोडैकानल येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी याच चर्चमध्ये आहे.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना होऊन ही अँग्लिकन परंपरा एका संयुक्त भारतीय चर्चमध्ये विलीन झाली. ज्यांना संस्थापकाने कमी लेखले, त्यांच्याच वंशजांच्या प्रार्थनास्थानी तो चिरविश्रांती घेत आहे. वास्तूची शैली परकीय खरी; परंतु तिचा वारसा कोणाचा, याचा निर्णय तिच्या आराखड्यावरून करता येत नाही. तो तेथील मंडळीच्या इतिहासावरूनच करावा लागेल.