टास्कबारवरील आयकॉनमधील अंतर : मांडणी, मर्यादा आणि उपाय

संगणकाच्या पडद्याच्या तळाशी दिसणारी आडवी पट्टी म्हणजे टास्कबार. कोणती कामे चालू आहेत हे दाखवणे आणि हव्या त्या कामापर्यंत एका क्लिकमध्ये पोहोचवणे, अशी तिची दोन कामे आहेत. या पट्टीवर आयकॉन दाटीवाटीने बसले की हव्या त्या आयकॉनऐवजी शेजारचा दाबला जातो. ज्यांचा हात कापतो, ज्यांची दृष्टी मंदावली आहे किंवा ज्यांना माउसची सवय उशिरा लागली, त्यांना हा त्रास रोज होतो. त्यांपैकी अनेक जण दोष स्वतःला देतात आणि हळूहळू संगणकापासून दूर राहू लागतात. आयकॉनची मांडणी बदलून हा त्रास बराच कमी करता येतो. त्याचे मार्ग येथे एकत्र दिले आहेत.

पट्टी कशी बदलत गेली

स्टार्ट बटण आणि टास्कबार यांची जोडी २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या 'विंडोज ९५'बरोबर लोकांसमोर आली. त्या वेळी प्रत्येक चालू खिडकीसाठी नाव लिहिलेले रुंद बटण असे. २००९ मधील 'विंडोज ७'ने नावे वगळून केवळ मोठे आयकॉन ठेवण्याची आणि एकाच प्रणालीच्या अनेक खिडक्या एका आयकॉनमागे गोळा करण्याची पद्धत रूढ केली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या 'विंडोज ११'ने आयकॉन डावीकडून उचलून पट्टीच्या मध्यभागी नेले. 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर अनेकांना या नव्या मांडणीशी जुळवून घ्यावे लागत आहे.

अंतराला महत्त्व का?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींविषयी एक नियम मांडला. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका तेथे अचूक पोहोचण्यास वेळ अधिक लागतो, असे त्याचे सार आहे. संगणकाच्या पडद्यावरील बटणांची रचना करताना आजही हाच नियम आधाराला घेतला जातो.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ऑक्टोबर २०२३ मध्ये संकेतस्थळांसाठी जाहीर केलेल्या सुगम्यतेच्या निकषांत दाबण्याच्या जागेचे किमान माप २४ बाय २४ पिक्सेल ठरवले आहे. जागा त्याहून लहान असेल, तर तिच्या मध्याभोवती काढलेले २४ पिक्सेल व्यासाचे वर्तुळ शेजारच्या जागेला छेदता कामा नये, अशी सवलत त्यात आहे. हे निकष टास्कबारसाठी लिहिलेले नाहीत. मात्र त्यांतून निघणारा विचार येथेही लागू पडतो. आयकॉन लहान असला तरी त्याभोवतीची मोकळी जागा हाताची चूक सामावून घेते.

'विंडोज ११'मधील बदल

दोन आयकॉनमधील अंतर कमी-जास्त करणारी स्वतंत्र सोय 'विंडोज'मध्ये नाही. अंतर वाढल्याचा परिणाम साधण्यासाठी पुढील मार्ग उपयोगी पडतात. टास्कबारवरील रिकाम्या जागेवर माउसची उजवी कळ दाबून 'टास्कबार सेटिंग्ज' उघडावे आणि तेथील 'टास्कबार बिहेवियर्स' हा विभाग पाहावा.

१. 'टास्कबार अलाइनमेंट'मध्ये 'लेफ्ट' निवडावे. आयकॉन मध्यभागी असताना नवी खिडकी उघडली की सगळी रांग थोडी सरकते आणि हाताला झालेली जागेची सवय मोडते. डावीकडून सुरू होणाऱ्या रांगेत नेहमीचे आयकॉन आपली जागा फारशी सोडत नाहीत.

२. 'कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स'मध्ये 'नेव्हर' निवडल्यास प्रत्येक चालू खिडकीचे नावासह रुंद बटण दिसते. लक्ष्य रुंद होते आणि चित्र ओळखण्याऐवजी नाव वाचता येते. सुरुवातीच्या 'विंडोज ११'मध्ये ही सोय नव्हती. ती २०२३ मध्ये परत आली.

३. अलीकडच्या आवृत्तीत 'शो स्मॉलर टास्कबार बटन्स' हा पर्याय आहे. पट्टी भरली की आयकॉन आपोआप लहान होतात ते यामुळे. ज्यांना मोठे लक्ष्य हवे त्यांनी येथे 'नेव्हर' ठेवावे.

४. शोधपट्टी, 'टास्क व्ह्यू', 'विजेट्स' यांपैकी जे वापरात नाही ते याच सेटिंग्जमध्ये बंद करावे. न लागणाऱ्या आयकॉनवर उजवी कळ दाबून 'अनपिन' करावे. गर्दी कमी करण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे.

५. उरलेले आयकॉन माउसने ओढून त्यांचा क्रम बदलता येतो. सारख्या रंगाचे वा आकाराचे दोन आयकॉन शेजारी ठेवू नयेत.

एवढ्याने भागत नसेल तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले' या क्रमाने जाऊन 'स्केल' १०० वरून १२५ टक्के करावे. 'विंडोज ११'च्या टास्कबारची उंची मूळ ४८ पिक्सेल असते, ती त्यामुळे ६० होते. २४ पिक्सेलचा आयकॉन ३० पिक्सेलचा होतो आणि भोवतीची जागाही त्याच प्रमाणात वाढते. मात्र पडद्यावरील बाकी सर्व मजकूरही मोठा होतो आणि एका वेळी कमी मजकूर मावतो, हे ध्यानात ठेवावे.

कीबोर्ड वेगळा होणाऱ्या टचस्क्रीन संगणकावर टास्कबार बोटाच्या वापरासाठी अनुकूल करण्याची सोय याच विभागात असते. ती चालू असेल तर कीबोर्ड काढताच पट्टीची मांडणी आपोआप बदलते.

'विंडोज १०' आणि डेस्कटॉप

'विंडोज १०'मध्ये 'यूज स्मॉल टास्कबार बटन्स' चालू असल्यास पट्टीची उंची ४० वरून ३० पिक्सेलवर येते. दाटी जाणवत असल्यास प्रथम हे बटण बंद आहे ना, ते पाहावे.

डेस्कटॉपवरील आयकॉनचे अंतर ही वेगळी बाब आहे. ते रजिस्ट्रीतील 'विंडोमेट्रिक्स' विभागातील 'आयकॉनस्पेसिंग' (आडवे) आणि 'आयकॉनव्हर्टिकलस्पेसिंग' (उभे) या नोंदींवरून ठरते. मूळ मूल्य उणे ११२५ असते. एका पिक्सेलला उणे १५ या हिशेबाने ते ७५ पिक्सेल होतात. उणे १५०० लिहिल्यास अंतर १०० पिक्सेल होते. बदल दिसण्यासाठी साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे लागते. या नोंदींमुळे टास्कबारवर अंतर वाढेल, अशी अपेक्षा धरू नये. रजिस्ट्रीतील चुकीचा बदल संगणक बिघडवू शकतो. म्हणून आधी तिची प्रत जतन करावी किंवा जाणकाराची मदत घ्यावी.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवरील 'केडीई प्लाझ्मा'मध्ये केवळ आयकॉन दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये आयकॉनमधील अंतर लहान, मध्यम वा मोठे ठेवण्याचा थेट पर्याय आहे. मॅकमध्ये टास्कबारच्या जागी 'डॉक' असतो. 'सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'डेस्कटॉप अँड डॉक' या विभागात त्याचा आकार वाढवता येतो. तेथेच 'मॅग्निफिकेशन' चालू केल्यास माउस जवळ येताच आयकॉन फुलून मोठा होतो.

माउसविना वाट

ज्यांना नेम धरणेच कठीण जाते, त्यांच्यासाठी कीबोर्डचा मार्ग खुला आहे. 'विंडोज' कळ दाबून १ दाबल्यास टास्कबारवरील पहिला आयकॉन उघडतो, २ दाबल्यास दुसरा. असे ९ पर्यंत चालते आणि ० ने दहावा उघडतो. आयकॉनचा क्रम एकदा पक्का केला की या कळा सहज लक्षात राहतात.

घरातील संगणक अनेक जण वापरत असतील, तर ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खाते तयार करावे. टास्कबारची मांडणी प्रत्येक खात्याची वेगळी असते. त्यामुळे आजोबांसाठी मोकळी केलेली पट्टी नातवंडांच्या सोयीआड येत नाही. आधी अनावश्यक आयकॉन काढावेत, मग रांग डावीकडे घ्यावी, त्यानंतर नावे दाखवावीत आणि अखेरीस 'स्केल' वाढवावे. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस वापरून पाहावे. एकाच वेळी सारे बदलल्यास नेमका कशाचा उपयोग झाला हे कळत नाही, आणि नवखा माणूस नव्या मांडणीतच पुन्हा गोंधळतो.