चूल आणि पवनचक्की : आकडा एक, वाटा दोन

"सगळे देश आता अक्षय ऊर्जेकडे वळलेत, हळूहळू सगळे सारखेच होणार." परवा चहाच्या टपरीवर एका शिक्षक मित्राने हे ठासून सांगितलं. आकडे बघितले तर त्याचं म्हणणं खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. थोडा इतिहास सांगतो.

आमच्या घरी गॅस आला तेव्हा मी दहावीत होतो. तोपर्यंत तुराट्या, पळाट्या, शेणाच्या गोवऱ्या. आई फुंकणी घेऊन चुलीपुढे, डोळे कायम लाल. आता गंमत बघा. देशोदेशीच्या ऊर्जेचे जे आंतरराष्ट्रीय तक्ते निघतात, त्यात ही चूलसुद्धा अक्षय ऊर्जेत धरतात! लाकूड पुन्हा उगवतं, शेण रोज मिळतं, म्हणून.

त्यामुळे १९९० साली भारताच्या एकूण ऊर्जा वापरात अक्षय ऊर्जेचा वाटा निम्म्याहून जास्त दिसतो. तेव्हा डेन्मार्कचा होता फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कागदावर आपण पुढे!

डेन्मार्कची गोष्ट १९७३ ची. अरब देशांनी तेल अडवलं आणि हा देश उघडा पडला, कारण त्याची ९० टक्क्यांच्या वर ऊर्जा आयात तेलावर होती. रविवारी खासगी गाड्या चालवायला बंदी आली. मग लोक कामाला लागले. ट्विंड नावाच्या ठिकाणी शिक्षक-विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून अवाढव्य पवनचक्की उभारली, १९७८ ला ती फिरायला लागली. १९८५ ला संसदेने अणुऊर्जा नको असं ठरवलं. गावोगावचे लोक भागभांडवल घालून पवनचक्क्या घेऊ लागले. कोपनहेगनच्या समुद्रातला २० पवनचक्क्यांचा प्रकल्प निम्मा सहकारी संस्थेचा आहे, सभासद आठ हजारांवर. साखर कारखान्याचे शेअर घेतलेल्या आपल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

२०२० पर्यंत डेन्मार्क ४० टक्क्यांच्या जवळ चढला. आणि भारत? एक तृतीयांशाच्या आसपास उतरला. दोघे जवळ आले खरे, पण एक जिना चढून आणि एक उतरून.

आपण उतरलो कसे? साताऱ्याच्या पठारावर, साक्रीच्या माळावर पवनचक्क्या आल्या, सोलर आलं. पण ती सगळी वीज. एकूण ऊर्जा वापरात विजेचा हिस्सा पाचव्या भागाच्या आसपास, आणि त्यातली बरीच कोळशाची. दुसरीकडे ट्रक, मोटारसायकली, कारखाने वाढले, चुलीच्या जागी सिलिंडर आलं. प्रत्येक सिलिंडरने तक्त्यात आपली अक्षय ऊर्जा घटवली आणि घरातला धूर कमी केला. मग याला अधोगती म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

अजून एक. डेन्मार्क म्हटलं की पवनचक्क्या आठवतात, पण तिथल्या अक्षय ऊर्जेत निम्म्याहून जास्त वाटा जैवइंधनाचा आहे, म्हणजे लाकूड, पेंढा, कचरा, बायोगॅस. लाकूड तिकडेही जळतं. फरक इतकाच, की तिकडे धूर वीजकेंद्राच्या उंच चिमणीतून जातो आणि इकडे बाईच्या छातीत.

म्हणून नुसती टक्केवारी बघून देश सारखे झाले म्हणू नये. जगाचा एकूण आकडा तरी कुठे मोठा हललाय? १९९० ला १६-१७ टक्के, २०२० ला १९ च्या आसपास. आत मात्र चूल घटतेय आणि वारा-ऊन वाढतंय. दोन्ही एकाच रकान्यात मोजले की काहीच कळत नाही.

शेवटी आपल्या तालुक्याचं. उज्ज्वला योजना २०१६ ची. कनेक्शन मिळालं, पण भरलेली टाकी परवडत नाही म्हणून ती कोपऱ्यात उभी करून पुन्हा चूल पेटवणारी घरं मी बातमीसाठी फिरताना आजही बघतो. तक्त्याच्या हिशोबाने ही घरं देशाची अक्षय ऊर्जा वाढवतायत.

पुढच्या वेळी कुणी नेता "आपण इतक्या टक्क्यांवर पोचलो" म्हणाला, तर एवढंच विचारा : साहेब, यात चूल धरली का?