शेजाऱ्याच्या वीज-पाणी जोडणीसाठी आपल्या अंगणातून वाहिनी : संमती, हरकत आणि भरपाई (वाराणसी)

वाराणसीच्या जुन्या भागात अनेक घरांना गल्लीची बाजूच नसते. पुढच्या घराचा बोळ, मग चौक, मग मागचे घर, अशी रचना असते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगायला नको. मागच्या घराला वीज किंवा नळ हवा असेल तर तार आणि पाइप पुढच्या घराच्या चौकातूनच जाणार. शहराच्या कडेच्या वस्त्यांत हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. तिथे मध्ये चौकाऐवजी कोणाची तरी मोकळी जागा, बाग किंवा हाता असतो.

योजनेतून जोडणी मंजूर होते, पण शेजारी आपल्या जागेत खांब किंवा पाइप येऊ देत नाही. अशा वेळी काय करता येते, ते या लेखात दिले आहे. जोडणी हवी असलेल्या लाभार्थ्यासाठी आणि ज्यांच्या अंगणातून ती जाणार आहे त्यांच्यासाठीही हा लेख आहे.

योजना काय देते आणि काय देत नाही

सौभाग्य योजना २५ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर झाली. ती ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाली. तिच्यात गरीब कुटुंबांना जोडणी विनामूल्य होती. नळासाठी शहरांत अमृत २.० (१ ऑक्टोबर २०२१ पासून) आणि गावांत जल जीवन मिशन (१५ ऑगस्ट २०१९ पासून) आहे. या योजना जोडणीचा खर्च उचलतात किंवा कमी करतात. शेजाऱ्याच्या जमिनीवर त्या कोणालाही हक्क देत नाहीत. मंजुरीचे पत्र दाखवून दुसऱ्याच्या चौकात खोदकाम सुरू करता येत नाही. तो प्रश्न योजनेच्या बाहेरच्या कायद्यांनी सुटतो.

वीज : नियम स्पष्ट आहे

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केल्यास वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. वाराणसीत ही कंपनी म्हणजे पूर्वांचल विद्युत वितरण निगम. तिचे मुख्यालय भिखारीपूर येथे आहे. ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनंतर नवीन जोडणीची कमाल मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे. अर्ज पूर्ण असल्यापासून ही मुदत मोजतात. नवीन वाहिनी टाकावी लागत असेल तर जास्त वेळ लागू शकतो. कर्तव्यात कसूर झाल्यास कलम ४३ मध्ये दररोज १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

खासगी जागेसाठी पाहायचे ते ‘परवानाधारकांची कामे नियम, २००६’ मधील नियम ३. परवानाधारक म्हणजे इथे वीज कंपनी. ज्या इमारतीत किंवा जमिनीत कंपनीची वाहिनी आधी कायदेशीरपणे टाकलेली नाही, तिथे नवी वाहिनी टाकण्यासाठी मालकाची किंवा भोगवटादाराची पूर्वसंमती घ्यावी लागते. मालकाने किंवा भोगवटादाराने हरकत घेतली तर कंपनीला जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी यांची लेखी परवानगी मिळवावी लागते. वाराणसीत मार्च २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे हे प्रकरण कोणाकडे चालते, ते आपल्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडून आधी विचारून घ्यावे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण सगळ्यात जास्त महिने याच ठिकाणी वाया जातात. संमती आधी अर्जदाराने मिळवून आणावी, अशी अपेक्षा व्यवहारात असते, आणि शेजाऱ्याशी बोलणे चांगले असेल तर तेच सोपे पडते. पण शेजाऱ्याने नाही म्हटले म्हणून अर्ज तिथेच संपत नाही. हरकतीनंतर परवानगी मागण्याचे काम नियमाने कंपनीकडे दिले आहे, अर्जदाराकडे नाही. ‘शेजाऱ्याची एनओसी आणा, मग बघू’ असे तोंडी उत्तर मिळाले तर लेखी अर्ज द्यावा : शेजाऱ्याने अमुक तारखेला नकार दिला आहे, दुसरा मार्ग उपलब्ध नाही, तरी नियम ३ प्रमाणे सक्षम अधिकाऱ्याकडे परवानगीसाठी प्रकरण पाठवावे. सोबत घराचा व चौकाचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

अधिकारी आदेश देताना दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेतो आणि जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला कंपनीने द्यायची भरपाई, वार्षिक भाडे किंवा दोन्ही ठरवतो. आदेश मान्य नसेल तर राज्य विद्युत नियामक आयोगाकडे पुनरीक्षण मागता येते. शिवाय वाहिनी टाकून झाल्यावरही जागामालकाने पुरेसे कारण दाखवले तर ती हलवण्याचा किंवा काढण्याचा आदेश होऊ शकतो. पुढे घर वाढवायचे आहे आणि खांब मधोमध आला आहे, अशा वेळी ही तरतूद उपयोगी पडू शकते.

काम करताना कमीत कमी नुकसान आणि गैरसोय व्हावी, आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे कलम ६७ सांगते. उखडलेली फरशी आणि तोडलेली तुळस दोन्ही नुकसानीतच मोजायची. काम सुरू होण्याआधी मोबाइलवर जागेचे फोटो काढून ठेवावेत.

आधीपासून वाहिनी असेल तर गोष्ट वेगळी आहे. कायदेशीरपणे टाकलेल्या वाहिनीची तपासणी, दुरुस्ती किंवा बदल करण्यासाठी कंपनीची माणसे कलम १६३ नुसार योग्य वेळी, आधी कळवून आत येऊ शकतात. पूर्वीच संमती दिलेल्या वाहिनीच्या दुरुस्तीला नकार देण्यात म्हणून अर्थ नाही. मात्र ओळखपत्र पाहण्याचा आग्रह जरूर धरावा.

जुन्या काशीत सुमारे १६ चौरस किलोमीटर भागातील तारा एकात्मिक ऊर्जा विकास योजनेत जमिनीखाली गेल्या. १८ सप्टेंबर २०१५ रोजी या योजनेचा प्रारंभही वाराणसीतच झाला होता. त्यामुळे डोक्यावरची तार गेली, पण गल्लीतल्या पेटीपासून मागच्या घरापर्यंतची शेवटची काही हात केबल कोणाच्या तरी बोळातूनच जाते. नियम ३ जमिनीवरून, जमिनीखालून आणि भिंतीवरून जाणाऱ्या वाहिन्यांना सारखाच लागू आहे.

मालक पुण्यात, राहणारे काशीत

काशीतील अनेक मराठी वाड्यांचे मालक चार-पाच आहेत, आणि ते पुणे, नागपूर, इंदूर असे विखुरलेले आहेत. वाड्यात भाडेकरू किंवा एखादी वृद्ध आत्या राहते. नियमात ‘मालक किंवा भोगवटादार’ असे शब्द आहेत, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याची संमतीही चालते. तरी मालकांपैकी एकाचे तरी पत्र जोडलेले बरे. पुढचे भांडण टळते.

स्वतः भाडेकरू असाल आणि घरमालक वीज जोडणीला ना हरकत देत नसेल, तर १३ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आपल्या बाजूने आहे. वीज ही मूलभूत सुविधा आहे, केवळ घरमालक ना हरकत देत नाही म्हणून ती नाकारता येत नाही आणि वीज कंपनीने अर्जदार तिथे राहतो की नाही एवढेच पाहायचे आहे, असे न्यायालयाने म्हटले आहे.

पाणी : इथे शेजारधर्म आणि कागद दोन्ही लागतात

नळजोडणीचा अर्ज वाराणसीत जलकल विभागाकडे जातो. खासगी जागेतून पाइप नेण्याच्या बाबतीत भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ महत्त्वाचा आहे. हा कायदा उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे लागू आहे.

‘एकदा पाइप जाऊ दिला की जागा गेली’ या भीतीने बहुतेक लोक नकार देतात. पाइप गेल्याने जमिनीची मालकी बदलत नाही. शेजाऱ्याला मिळू शकतो तो फक्त वापराचा हक्क. तोही केव्हा? कलम १५ नुसार २० वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापर झाला तर. आपल्या परवानगीने चाललेला वापर ‘हक्क म्हणून’ ठरत नाही. त्यामुळे लेखी परवानगीने मालकाचेच संरक्षण होते. काही न लिहिता, काही न बोलता वर्षानुवर्षे चालू दिलेला पाइप अधिक धोक्याचा.

दुसरी बाजूही आहे. परवानगी मिळाल्यावर शेजाऱ्याने खर्च करून पक्के काम केले असेल, तर कलम ६० नुसार ती परवानगी मनाला येईल तेव्हा मागे घेता येत नाही. म्हणून अटी आधीच लिहाव्यात : पाइप कोणत्या भिंतीलगत, किती खोल, गळती झाली तर किती दिवसांत दुरुस्ती, फरशी कोण बसवणार, आणि बांधकामाच्या वेळी पाइप कोणाच्या खर्चाने हलवायचा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. कायमचा हक्कच देत असाल तर दस्ताची नोंदणी करावी.

पाइप टाकण्याचा हक्क असलेल्याने दुरुस्तीसाठी आत येऊन खोदावे, पण जमीन पूर्ववत करून द्यावी, हे कलम २४ मध्ये उदाहरणासह दिले आहे. १८८२ चा कायदा आणि उदाहरण शेजाऱ्याच्या जमिनीतून टाकीपर्यंत नेलेल्या पाइपचेच.

पाइप गॅस वाराणसीत गेल कंपनी देते. शेजारच्या घरासाठी आपल्या हात्यातून नळी न्यायची असेल तर आपली लेखी संमती घेणे हाच व्यवहारातला मार्ग आहे.

हिंदी अर्जांतील शब्द

अर्ज हिंदीत भरावे लागतात आणि ओळखीचे शब्द तिथे दगा देतात. ‘आपत्ति’ म्हणजे संकट नव्हे, हरकत. ‘कोई आपत्ति नहीं है’ या ओळीखाली सही केली की आपण संमती दिली. ‘दखल’ म्हणजे लक्ष घालणे नव्हे, ताबा. ‘प्रार्थना पत्र’ म्हणजे साधा अर्ज, ‘अनापत्ति प्रमाण पत्र’ म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, ‘शपथ पत्र’ म्हणजे प्रतिज्ञापत्र, ‘संयोजन’ म्हणजे जोडणी. ‘अवर अभियंता’ हे कनिष्ठ अभियंता आणि ‘अधिशासी अभियंता’ हे कार्यकारी अभियंता. हा लेख मराठीत आणताना ‘आपत्ति’पाशी आम्हीही एकदा अडखळलो. घरातल्या मोठ्यांना सही करण्याआधी हा परिच्छेद वाचून दाखवावा.

दाद कोठे मागावी

वीज जोडणीला उशीर झाल्यास प्रथम १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. त्यानंतर कंपनीच्या विद्युत व्यथा निवारण मंचाकडे, आणि तिथेही समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जाता येते. राज्य शासनाची जनसुनवाई हेल्पलाइन १०७६ आहे. वीज व पाणीपुरवठा या लोकोपयोगी सेवा असल्याने त्यांच्याविषयीचा वाद न्यायालयात नेण्याआधी स्थायी लोक अदालतीत मांडता येतो.

वकिलाची गरज पडल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्न मर्यादा आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी : विद्युत अधिनियम आणि २००६ चे नियम केंद्राचे असल्याने महावितरणच्या ग्राहकांनाही वरील संमती, हरकत आणि भरपाईची पद्धत लागू आहे. अर्जाचे नमुने आणि तक्रार मंच मात्र वेगळे आहेत.