व्हाया मिरज

ट्रिपचा पहिला प्लॅन अगदी सरळ होता. इंजिनिअरिंगपासूनच्या आम्ही तिघी मैत्रिणी, गाडी माझी, डिसेंबरातले दहा दिवस आणि थीम म्युझिक. बंगळुरूला एखादा बँड ऐकायचा, चेन्नईला मार्गळीच्या मैफली, वाटेत डोसे. देवळाली कॅम्पातल्या घरी ऑफिसची मीटिंग म्यूट करून मी स्प्रेडशीट बनवत होते. शहर, किलोमीटर, टोल, राहायची सोय असे चार कॉलम.

आई मागे येऊन उभी राहिली होती. तिनं एवढंच विचारलं, "मिरजेवरून जाणार का गं?"

"मिरज रस्त्यात नाही येत, आई. हायवे कराडवरून सरळ कोल्हापूरकडे जातो."

"बरं, राहू दे मग."

आमच्या घरात 'राहू दे'चा अर्थ राहू दे असा कधीच नसतो.

कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेला तिचा तंबोरा आहे. तिचं माहेर सांगलीकडचं. लग्नाआधी आजोबांनी तो मिरजेतून घेऊन दिला होता. गांधर्वच्या परीक्षा देत ती मध्यमापर्यंत पोचली होती. लहानपणी मला पहाटे त्याच आवाजानं जाग यायची, आणि थोड्या वेळानं फायरिंग रेंजवरून तोफांच्या सरावाचे धक्के यायचे. कॅम्पातल्या मुलांना दोन्हीचं काही वाटत नाही. पण बारावीच्या वर्षी मी तिला म्हणाले, "एवढं वर्ष ते बंद ठेव ना, लक्ष लागत नाही." तिनं ठेवलं. वर्ष संपलं, मी इंजिनिअरिंगला गेले, तंबोरा काही खाली उतरला नाही. आता त्याच्या भोपळ्याला तडा गेलाय, दोन खुंट्या फिरत नाहीत. भाजी निवडताना ती फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून गुणगुणते. ते ॲप मीच टाकून दिलं होतं, आणि तेव्हा मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

त्या रात्री स्प्रेडशीटमध्ये मिरजेची ओळ घातली. मग मिरजेबद्दल वाचायला बसले, आणि चेन्नई प्लॅनमधून कधी गळून पडली ते मलाच कळलं नाही.

* * *

निघायचं देवळालीहून, हेही तसं शुभच. आमच्या गावानं इंग्रजी भाषेला एक शब्द दिलाय आणि त्याचा अर्थ आहे वेड. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई इथल्या कॅम्पात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून असायचे. जहाजं ठरावीक मोसमातच सुटायची. उन्हाळा, ताप, रिकामपण, त्यात कुणाचं डोकं फिरलं की त्याला 'डूलॅली' म्हणायचे. डूलॅली म्हणजे देवळाली. वर्षानुवर्षं ट्रिपचे नुसते बेत करणारी माणसं इथली असणं इतिहासाला धरूनच आहे.

गाण्याच्या नकाशावरही नाशिक येतं, हे मात्र मला माहीत नव्हतं. पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम होता. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा, गाणं दरबारातून आणि कोठीतून बाहेर काढून वर्गात, वेळापत्रकात आणि वहीत बसवणारा हा माणूस. मुंबईतल्या संस्थेच्या इमारतीपायी कर्ज झालं, ती हातची गेली, आणि अखेरची वर्षं त्यांनी नाशिकला रामनामात काढली. त्यांचा मुलगा, पुढे फार लवकर गेलेले द. वि. पलुस्कर, १९२१ साली नाशिकचाच जन्मलेला.

विष्णु दिगंबरांची सुरुवात मिरजेची. जन्म १८७२, कुरुंदवाड संस्थानातला. लहानपणी फटाक्यांच्या दारूनं डोळे भाजले, उपचारासाठी मिरजेला आणलं. नजर अधू झाली, शाळेचा अभ्यास अवघड झाला, म्हणून मुलाला गाणं शिकवावं असं ठरलं. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, ग्वाल्हेरची गायकी उत्तरेत जाऊन शिकून आलेले. मुलगा त्यांच्या हाती गेला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पलुस्करांचा मृत्यू झाला, तोही मिरजेतच. त्यांच्या मागे शिष्यांनी मंडळ स्थापन केलं, परीक्षा चालू ठेवल्या. आईचं मध्यमाचं प्रमाणपत्र हे त्याच झाडाचं एक पान.

थोडक्यात, नाशिक–मिरज हा रस्ता माझ्या आधी झालेला आहे. मी फक्त टोल भरणार आहे.

* * *

मिरजेला तंबोरेच का? कृष्णेकाठची माती, पाणी वगैरे मी गृहीत धरलं होतं. खरं कारण तलवारी आहे. तिथले शिकलगार हत्यारं घडवणारे, धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. पण हातात कसब होतं, आणि गावात गाणारे-वाजवणारे येत होते. त्यांची वाद्यं दुरुस्त करता करता फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी ती स्वतःच बनवायला घेतली, आणि घराण्यांना सतारमेकर हे आडनाव पडलं. आजही भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. आमटीचा भोपळा नव्हे. हा जाड सालीचा, कडू, वेलावरच मोठा होऊ दिलेला आणि मग वाळवलेला. त्याला तुनीच्या लाकडाची तबली आणि दांडी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण शेवटची जवारी हातानं, कानानं लावली जाते म्हणतो, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. घोडीचा माथा कानसीनं इतका बारीक घासायचा की तार त्याला चिकटतही नाही आणि सुटतही नाही. वर तारेखाली सुती दोरा सरकवून आवाज खुलेल ती जागा शोधायची. कितीही टेस्ट केसेस लिहिल्या तरी शेवटी एक माणूस कान लावून 'झालं' म्हणतो.

आणि मिरजेला अब्दुल करीम खाँ. उत्तर प्रदेशातल्या किराण्याचे, बडोदा दरबार सोडून आलेले, १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढणारे, आणि शेवटी मिरजेचेच झालेले. स्वतःच्या हातानं तंबोरे दुरुस्त करण्याचाही त्यांना नाद होता. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसाला तिथे गायक हजेरी लावतात. आईला लहानपणीचा तो उरूस आठवतो. ती म्हणाली, "रात्रभर बसायचो आम्ही. समजायचं काहीच नाही."

* * *

मिरजेच्या पुढे नकाशा दाटतो. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँ होते, १९२२ मध्ये महाराज गेले तोवर. बेळगावजवळच्या सुळेभावीत शिवपुत्र कोमकळी जन्मला, म्हणजे कुमार गंधर्व. धारवाडजवळच्या मन्सूरचे मल्लिकार्जुन. धारवाडला जन्मून हुबळीत राहिलेल्या गंगूबाई हनगल. गदगचे भीमसेन. बसवराज राजगुरू. कुंदगोळचे सवाई गंधर्व. कराडपासून गदगपर्यंत गाडीनं एका दिवसात होणारा हा पट्टा, आणि एवढी नावं.

'धारवाडच्या पाण्यातच गाणं आहे' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मला ते आळशीपणाचं वाटतं. पाण्यात काही असतं तर ते दोनशे वर्षांपूर्वीही दिसलं असतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या पट्ट्यात तीन गोष्टी एकत्र आल्या, त्यांकडे बघा.

एक, छोटे राजे. मिरज, सांगली, कुरुंदवाड, जमखंडी ही सगळी पटवर्धनांची संस्थानं, आणि धारवाड जिल्ह्याच्या पोटात असलेलं कुंदगोळ जमखंडीकरांच्या ताब्यात. नकाशावर ही संस्थानं सांडलेल्या चुरमुऱ्यांसारखी दिसतात. लढाई उरली नव्हती, तेव्हा पदरी चांगला गवई असणं हीच शान.

दोन, नाटक कंपन्या. विष्णुदास भाव्यांचं पहिलं नाटक १८४३ चं, सांगलीतलं. 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगलं, पण ते करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी कंपन्या हुबळी-धारवाडपर्यंत मुक्काम टाकत आणि कानडी घरातली गाणारी मुलं मराठी पदं म्हणत मोठी होत. कुंदगोळच्या रामभाऊंना 'सवाई गंधर्व' हे नाव मिळालं ते अमरावतीत, दादासाहेब खापर्ड्यांकडून, मराठी रंगभूमीवर गाताना. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहासमोर थांबायचं असं मी प्लॅनमध्ये लिहिलंय. १९१५ चं ते थिएटर ऑगस्ट २०२४ मध्ये जळलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री.

आणि तीन, रेल्वे. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कदाचित माझा धंदाच नेटवर्कचा असल्यामुळे. १८९० च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज लाइन पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढ्यावरून खाली जोडली गेली. मुंबईहून येणाऱ्यानं पुण्याला गाडी बदलायची आणि पुढे धारवाड, हुबळी, थेट म्हैसूरकडे. म्हैसूरच्या दरबारात दसऱ्याला उत्तरेचे गवई बोलावले जात, आणि त्यांची गाडी धारवाडवरूनच जायची. अब्दुल करीम खाँसाहेब असे जाता-येता धारवाडला मुक्काम करत. रामभाऊ त्यांना भेटले आणि शिकले ते याच फेऱ्यांमधून. खाँसाहेबही दक्षिणेकडून घेऊन आले. त्यांच्या सरगमीत कर्नाटकी वळण आलं, त्यागराजांची एक कृती त्यांनी रेकॉर्डही केली. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनावर ते उतरले, आणि तिथल्या प्लॅटफॉर्मवरच गेले. शेवटी नमाज पढून ते गायले, असं सांगतात. देह मिरजेला आणला.

या लाइनवरचा मला सर्वांत आवडणारा प्रवास मात्र उलट्या दिशेचा आहे. अकरा वर्षांचा भीमसेन १९३३ साली गाणं शिकायला घरातून पळाला. पुणे, ग्वाल्हेर करत जालंधरपर्यंत गेला. तिकीट बहुतेक वेळा नव्हतंच. जालंधरला त्याला विनायकराव पटवर्धन भेटले, मिरजेचे, पलुस्करांचे शिष्य. ते म्हणाले, एवढ्या लांब कशाला आलास, तुझ्या घराजवळ सवाई गंधर्व आहेत. गदगहून कुंदगोळ शंभर किलोमीटरच्या आत. अख्खा उत्तर हिंदुस्थान पालथा घालून पोरगा तिथे परत आला.

त्याच कुंदगोळला गंगूबाई हुबळीहून गाडीनं ये-जा करून शिकायच्या. संसार, मुलं, कार्यक्रम, आणि संध्याकाळी गुरूचं घर. त्यांच्या आई, अंबाबाई, कर्नाटक संगीत गाणाऱ्या, इतक्या चांगल्या की अब्दुल करीम खाँ त्यांना ऐकायला यायचे. मुलीनं हिंदुस्थानी गायला घेतल्यावर तिच्या गळ्यावर दुसरं वळण चढू नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं गाणं थांबवलं.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला. अंबाबाईंची मुलगी गंगूबाई हनगल झाली. माझ्या आईची मुलगी एपीआयचं टायमआउट बघते.

* * *

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेत धारवाड, बेळगाव, विजापूर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून भीमसेन 'आमचे' की 'त्यांचे' हा वाद दोन्हीकडे हौसेनं चालतो. माझ्या एका मैत्रिणीचं आजोळ निपाणीचं, त्यामुळे आमच्या ग्रुपवर तो सुरू झालाच. मी तिला बेंद्र्यांचं उदाहरण दिलं. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, घरची भाषा मराठी, कविता कानडी. ज्या संग्रहासाठी त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं त्याचं नाव 'नाकु तंती', म्हणजे चार तारा. तंबोऱ्याला असतात तेवढ्याच. तिनं उत्तरादाखल डोशाचा स्टिकर पाठवला.

आता रूट असा: देवळालीहून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पुणे. तिथे सवाई गंधर्व महोत्सवाची एक रात्र. भीमसेननी गुरूच्या नावानं १९५३ पासून चालवलेला. मग मिरज. मिरजेच्या एका दुकानात फोन करून फोटो पाठवले. कारागीर म्हणाले, "भोपळा सांधता येईल, खुंट्या नव्या. पण जवारीला ज्यांचा आहे त्यांनी समोर बसायला पाहिजे. स्वर कुठला लावता?"

मला माहीत नव्हतं. आईला हाक मारली. तिनं फोन घेतला आणि पाचच मिनिटं बोलीन म्हणत चाळीस मिनिटं बोलली.

तंबोरा जाताना टाकायचा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी, कुंदगोळ, गदग करून परत येताना घ्यायचा, असं ठरलं. अडचण गाडीची होती. हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडल्याशिवाय दांडी बसत नाही. काल टेप घेऊन मोजलं. सीट पाडली तर मागे एकच जण मावते. निपाणीवाली म्हणाली, मी मनमाडहून गोवा एक्सप्रेस पकडते, मिरजेला भेटू. ती लाइन नाहीतरी या ट्रिपमध्ये हवीच होती.

म्हणजे पुढची एक सीट उरते. आईला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला मध्ये तुमच्या? राहू दे."

मी प्रवाशांच्या कॉलममध्ये तिचं नाव टाकलंय.