लाटेकडे पाठ करून

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात. आज मी पाण्यातला इतिहास सांगणार आहे.

अंधेरीचं वर्सोवा किंवा मालाडचं अक्सा आठवा. तिथे तळाचा उतार हळूहळू चढतो, त्यामुळे लाट फेसाळत मोडते. पण हवाईच्या ओआहू बेटावर 'पाइपलाइन' नावाची जागा आहे. तिथे खोल समुद्रातून आलेली लाट अचानक उथळ खडकावर येते. तळ अडखळतो, माथा पुढे झेपावतो आणि मध्ये पाण्याचा पोकळ बोगदा तयार होतो. हाच तो 'बॅरल'.

पाइपलाइनची लाट सर्फरच्या डावीकडे धावते. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याचं तोंड लाटेकडे राहतं. गेरी लोपेझ तसा, म्हणून तो 'मिस्टर पाइपलाइन' झाला. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची मात्र लाटेकडे पाठ! याला म्हणतात 'बॅकसाइड'. डोक्यावर कोसळणारं पाणी दिसतच नाही, आणि खाली खडक.

मग 1975 चा हिवाळा आला. दक्षिण आफ्रिकेच्या डर्बनचा शॉन टॉमसन, ऑस्ट्रेलियाचे वेन बार्थोलोम्यू आणि मार्क रिचर्ड्स, तिघंही डाव्या पायाचे. ही पोरं खाली वाकून थेट बोगद्यात घुसली. शॉन तर आत नुसता उभा राहत नसे, फळी वरखाली वळवत वेग घ्यायचा. त्या वर्षीची पाइपलाइन मास्टर्स त्याने जिंकली आणि 1977 मध्ये तो जगज्जेता झाला.

इथपर्यंतची गोष्ट सर्फिंगचे चाहते नेहमी सांगतात. मला पुढची सांगायची आहे.

डर्बनमध्ये 1860 पासून आपल्याकडचे मजूर गेले, तिथेच वसले. पण शॉन ज्या किनाऱ्यांवर शिकला, ते कायद्याने फक्त गोऱ्यांसाठी होते. भारतीय वंशाच्या पोरांना वेगळा किनारा नेमून दिलेला. नियम शॉनने केले नव्हते, पण फायदा त्याच्या वाट्याला आला. किनारे सगळ्यांना खुले व्हायला 1989 उजाडलं.

यामुळे शॉनचं धाडस कमी होत नाही. पण बॅरलमध्ये सर्वांत भारी कोण, हे विचारताना मी आता आणखी एक प्रश्न विचारतो: त्या पाण्यात उतरायची परवानगी कोणाकोणाला होती?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!